रविवारच्या मॅचआधी घरच्या वायफायची तयारी

ऑनलाइन गेमची मॅच रविवारी रात्री नऊची असेल तर तयारी गुरुवारी रात्री नऊला सुरू करा. दुपारी तीनला तपासून काही कळत नाही. दुपारी इमारतीतले निम्मे राउटर नुसते दिवे लावून बसलेले असतात. नऊला घरोघरी टीव्ही, दोन-तीन मोबाइल आणि कुणाचा तरी व्हिडिओ कॉल एकदमच चालू असतो. लॅग, म्हणजे नेटवरचा खेळ मागे पडून अडखळणं, हा त्या वेळेचा आजार आहे, तो त्याच वेळी पकडावा लागतो.

आधी वहीत लिहा की नेमकं काय बिघडतंय. ‘लॅग होतो’ एवढ्याने भागत नाही. समोरचा खेळाडू एका दारात गडप होऊन दुसऱ्या दारात उगवतो, मारलेल्या गोळ्या लागत नाहीत, भिंतीआड पोचल्यावर कळतं की आपण मघाशीच मेलो होतो, तर दुखणं नेटचं. पिंगचा आकडा (गेम चालवणाऱ्या दूरच्या कॉम्प्युटरपर्यंत, म्हणजे सर्व्हरपर्यंत, जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) शांत आहे आणि चित्रच अडखळतंय, तर दुखणं मोबाइलचं किंवा ग्राफिक्स कार्डाचं. माझ्या भाच्याचा निम्मा लॅग या दुसऱ्या जातीचा निघाला. जाड कव्हर घातलेला फोन, त्याला लावलेला चार्जर, आणि खेळणार गादीवर लोळून. फोन तापला की प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो. कव्हर आणि चार्जर काढल्यावर सगळं गेलं नाही, पण नेटच्या माथी मारलेलं बरंच कमी झालं.

आता उरलेल्याचा माग काढा. वायफायवर जोडलेल्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टच्या (हुकूम टाइप करायच्या) दोन खिडक्या उघडा. एकीत आपल्याच राउटरला पिंग करायचं (पत्ता बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवरही सापडतो), दुसरीत बाहेरच्या एखाद्या पक्क्या पत्त्याला, उदाहरणार्थ गूगलच्या ८.८.८.८ ला. विंडोजमध्ये ping लिहून पत्ता आणि त्यानंतर जागा सोडून आडवी रेघ आणि इंग्रजी टी टाकली की थांबवेपर्यंत पिंग चालू राहतं. दहा मिनिटं चालू द्या, आणि सरासरीकडे बघू नका. सरासरी फसवते. १२, १४, १३, १८०, ११ असा प्रवास दिसला तर त्या १८० नेच तुमचा घात केलेला असतो. कायमचा ६० पिंग असलेला माणूस नीट खेळू शकतो, कारण हाताला सवय होते. २० आणि २०० यांच्यात उड्या मारणाऱ्या पिंगची सवय कुणालाच होत नाही.

दोन खिडक्यांमधला फरक हाच सगळ्या तपासाचा कणा आहे. घरातल्या राउटरलाच पिंग उसळत असेल तर भानगड तुमच्या हवेत, म्हणजे वायफायमध्ये आहे, नेटवाल्याला फोन करून उपयोग नाही. राउटरपर्यंत दोन-चार मिलिसेकंदांत स्वच्छ जातंय आणि बाहेर उसळतंय, तर बघण्याची जागा राउटरपासून पुढे, बाहेर जाणाऱ्या वाटेवर. एवढं न करता लोक सरळ प्लॅन वाढवतात. आम्हीही वाढवला होता, १०० एमबीपीएसचा ३०० केला. डाउनलोड तिप्पट झालं, गेम तसाच. नेमबाजीचा गेम मुळात फार डेटा खातच नाही. प्लॅनच्या अगदी थोड्या भागात त्याचं काम भागतं. त्याला वेळेवर पोचणारी पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, हवी असतात.

वेळ जातो तो रांगेत. रेशनच्या दुकानात तुम्हाला एक काडेपेटी हवी आहे आणि पुढचा माणूस अख्ख्या गल्लीची पोती उचलतोय, तसं राउटरच्या आत होतं. घरातल्या कुणाच्या तरी फोनने लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढवायला घेतले की अपलोडची रांग भरते आणि तुमच्या गोळीचं चिमुकलं पाकीट तिच्या शेपटाला उभं राहतं. याला बफरब्लोट म्हणतात. साधारण २०१० च्या सुमाराला जिम गेटिस या अभियंत्याने घरच्या नेटवरच हा प्रकार पकडला आणि त्याला हे नाव दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर कोडेल नावाचा, रांग साचू न देणारा उतारा आणला. शुक्रवारी हे घरी करून बघा: बाहेरचं पिंग चालू ठेवून एखादी दोन जीबीची फाइल अपलोडला लावा. १५ चं ३०० झालं तर चोर सापडला. राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम किंवा क्यूओएस (रांग सांभाळणारी सोय) असेल तर ते चालू करून वेगाची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा. थोडा वेग मुद्दाम सोडायला जीवावर येतं, पण त्यामुळे रांग तुमच्या राउटरच्या ताब्यात राहते आणि तो लहान पाकिटांना पुढे काढू शकतो. नेटवाल्याने दिलेल्या फुकटच्या डब्यांत ही सोय सहसा नसते. मग हातानेच आवरा: फोटोंचा बॅकअप, क्लाउडवर चित्रण पाठवणारा दारावरचा कॅमेरा, दुसऱ्या लॅपटॉपवरचे अपडेट, सगळं मॅचपुरतं बंद.

हवेचा दोष निघाला तर शनिवार सकाळ राउटरला द्या. आपल्याकडे तो टीव्हीच्या मागे, शोकेसच्या काचेआड, नाहीतर लोखंडी कपाटाच्या डोक्यावर असतो, कारण नेटवाल्याने भोक तिथे पाडलं. धातू, आरसा, माशांची टाकी आणि जुन्या बांधकामातल्या नऊ इंची भिंती, यातलं काहीच वायफायला मानवत नाही. त्याला उघड्यावर, खांद्याच्या उंचीला, खेळायच्या खोलीच्या जवळ आणा. मोबाइलवरच्या दांड्यांवर विसंबू नका. वायफाय अॅनालायझर प्रकारचं अॅप घेऊन डीबीएमचा आकडा, म्हणजे सिग्नलची ताकद, बघा. तो उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका बरा. खेळायच्या जागी उणे ६५ किंवा त्याहून बरा हवा. उणे ८० ला व्हॉट्सअॅप चालेल, मॅच नाही.

त्याच अॅपमध्ये शेजाऱ्यांची नेटवर्कंही दिसतील. वायफायचे नेहमीचे दोन पट्टे, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ वर एकमेकांवर न चढणारे चॅनेल, म्हणजे पट्ट्यातल्या वाटा, तीनच: १, ६ आणि ११. आमच्या मजल्यावरून सतरा नेटवर्कं दिसली, म्हणजे एकेका चॅनेलवर पाच-सहा घरं आलीच. वायफायमध्ये एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दुसरा बोलतोय असं ऐकू आलं की आपलं उपकरण गप्प बसून वाट बघतं. शिवाय ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात. म्हणून गेमसाठी ५ गिगाहर्ट्झ, आणि दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं द्या, नाहीतर फोन गुपचूप २.४ वर घसरतो. ५ मध्ये ३६ ते ४८ किंवा १४९ पासून पुढचे चॅनेल निवडा. मधले ५२ ते १४४ रडारशी वाटून घेतलेले आहेत. राउटरला रडारची चाहूल लागली की नियमाने चॅनेल सोडावा लागतो, आणि तिथल्या दुसऱ्या चॅनेलवर बोलण्याआधी निदान मिनिटभर कान देऊन बसावं लागतं. तेवढ्यात तुमचा स्क्वॉड (तुमची टोळी) मॅच हरून लॉबीत परतलेला असेल. गर्दी फार असेल तर चॅनेलची रुंदी ८० वरून ४० मेगाहर्ट्झवर आणा. रिपीटर (सिग्नल पुढे पोचवणारा जोडडबा) विकत घेऊ नका. साधा रिपीटर ऐकलेलं तेच पुन्हा हवेत बोलतो, म्हणजे गर्दीत भरच.

खरं सांगायचं तर हे सगळं वाचण्याआधी एकदा विचार करा: राउटरपासून वायर ओढता येईल का? कॅट ५ई वायर १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते, आणि दोन खोल्यांना पंधरा मीटर पुरते. भिंतीच्या कडेने पट्टी मारली की दिसतही नाही (घरातल्यांचं मत वेगळं पडेल, आमच्याकडे ताई दोन दिवस बोलली नाही). बऱ्याच अँड्रॉइड फोनना टाइप-सी ते लॅन असं छोटं अडॅप्टर चालतं. हवेबद्दलचे वरचे दोन परिच्छेद या एका वायरने निकालात निघतात.

घर स्वच्छ निघालं आणि बाहेर उसळतंय, तर गेममध्ये सर्व्हर कुठला निवडलाय ते बघा. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत. फायबरच्या काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद निव्वळ प्रकाशाचेच, आणि समुद्राखालची केबल सरळ रेषेत थोडीच जाते. न्यू जर्सीतल्या मावसभावाला स्क्वॉडमध्ये घेणार असाल तर त्याला सुमारे साडेबारा हजार किलोमीटरचा, म्हणजे किमान १२५ मिलिसेकंदांचा दंड आहेच. त्याचा राउटर कितीही महाग असो.

सर्व्हर बरोबर असूनही बाहेरचं बिघडलेलं असेल तर नेटवाल्याला फोन लावा, पण ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका. ते म्हणाल तर ‘राउटर बंद-चालू करा’ हेच उत्तर येईल. ‘राउटरपर्यंत एकही पाकीट गळत नाही, बाहेर शंभरात पाच गळतात, रात्री नऊ ते अकरा, तीन दिवस’ असं वहीतून वाचून दाखवा. फायबरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकतोय का, आणि ती बारीक पिवळी किंवा पांढरी वायर कुठे दारात चेपली किंवा काटकोनात वाकली नाही ना, हेही आधी बघून घ्या. माणूस आला तर त्याच्याकडून प्रकाशाची पातळी मोजून घ्या. उणे २७ डीबीएमच्या आसपास असेल तर लाइन काठावर जगतेय.

लाईटचं विसरू नका. राउटर आणि फायबरचा डबा वेगवेगळे असतील तर दोघांनाही छोटा यूपीएस हवा. अडॅप्टरवर १२ व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते वाचूनच घ्या.

रविवारी दुपारी गेमचे आणि फोनचे अपडेट उरकून राउटर एकदा बंद-चालू करा. मॅचच्या पाच मिनिटं आधी त्याला हात लावू नका. दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट एकदा जोडून, एक सराव सामना खेळून बघा, म्हणजे ऐन वेळी पासवर्ड शोधत बसायला नको. ब्लूटूथ इअरफोन ठेवून वायरचे घ्या, पावलांचा आवाज उशिरा येतो तो त्यांच्यामुळेही. आईची मालिका चालू राहू द्या, एका टीव्हीने तुमचं काही बिघडत नाही. आणि वायर ओढता आली नसेल, फोनही अजून २.४ वरच असेल, तर साडेआठला जेवून घ्या. नऊनंतर भाजी मायक्रोवेव्हमध्ये गरम करायची नाही.