शॉर्ट सेलरचा रिपोर्ट आला? मग या चुका टाळा

नवी मुंबईतल्या महापे-रबाळे पट्ट्यातल्या औषध आणि बायोटेक कंपन्यांचं कंप्लायन्सचं, म्हणजे नियमपालनाचं, काम मी सतरा वर्षं करतोय. शॉर्ट सेलर, म्हणजे शेअर पडण्यावर पैसे लावणारा, कंपनीवर टीकेचा रिपोर्ट काढतो तेव्हा बहुतेक ठिकाणी क्रम ठरलेला: आधी वकिलाला फोन, मग टीव्हीवर बाइट, आणि रिपोर्ट वाचायचा सगळ्यात शेवटी.

न वाचता नोटीस पाठवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. काही वर्षांपूर्वी टीटीसी या इथल्याच औद्योगिक पट्ट्यातल्या एका कंपनीवर शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर चाळीस पानी रिपोर्ट आला. शेअर पडला तर आपला फायदा आहे, हे लिहिणाऱ्याने पहिल्याच पानावर सांगितलं होतं. साहेब भडकले. सोमवारी सकाळी अब्रुनुकसानीची नोटीस रवाना. सतराव्या पानावर एक साधा प्रश्न होता: परिषदेतल्या पोस्टरवर दोन वेगळ्या प्रयोगांच्या वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं ओळखण्याच्या चाचणीच्या चित्रात) तोच पट्टा दोनदा कसा? ते पान कुणी उघडलंच नव्हतं.

बुधवारी दुपारी क्यूसीतली, म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागातली, एक मुलगी लॅब नोटबुक घेऊन माझ्या टेबलाशी आली. लॅपटॉपवर मूळ स्कॅन उघडून तिने चौथ्या लेनवर बोट ठेवलं. "सर, पोस्टर करताना चुकीची फाइल चिकटली. खरी ही." तारीख, सही, सगळं जागेवर होतं. शनिवारी मूळ स्कॅनसकट दोन ओळींची दुरुस्ती दिली असती तर विषय तिथेच मिटला असता. पण तोवर नोटिशीचीच बातमी झाली होती, आणि आमची खरी फाइलसुद्धा लोकांना सारवासारव वाटली. ते निस्तरण्यात तीन आठवडे गेले. त्या मुलीला शनिवारीच विचारायला हवं होतं. मीही विचारलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून मी रिपोर्ट छापून घेतो आणि प्रत्येक आरोपासमोर पेन्सिलीने लिहितो: खरं, खोटं, माहीत नाही. 'माहीत नाही'वाली पानं घेऊन स्वतः लॅबमध्ये जातो. एक दिवस मोडतो. घाई करणारे वैतागतात, त्यांना वैतागू द्यावं.

दुसरी चूक म्हणजे "त्याचा स्वार्थ आहे" एवढंच उत्तर देणं. स्वार्थ असतोच. आपल्याकडे शॉर्ट सेलिंग कायदेशीर आहे. बाजार नियामक सेबीची बंदी आहे ती नेकेड शॉर्ट सेलिंगवर, म्हणजे शेअर उसने न घेताच विकण्यावर. अमेरिकेतल्या कसावा सायन्सेसचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांच्या अल्झायमरच्या औषधाच्या डेटावर, त्यातल्या वेस्टर्न ब्लॉटवरही, तिथल्या औषध नियामक एफडीएकडे तक्रार गेली. तक्रारदारांनी शेअर पडण्यावर पैसे लावले होते. कंपनीने आरोप फेटाळले. सप्टेंबर २०२४ मध्ये फेज २ (माणसांवरच्या मधल्या टप्प्यातल्या) चाचणीच्या निकालांबाबत दिशाभूल केल्याच्या आरोपावरून तिथल्या बाजार नियामक एसईसीला कंपनीने ४ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं, आरोप मान्य वा अमान्य न करता. नोव्हेंबरमध्ये औषध फेज ३ मध्येच, म्हणजे त्यापुढच्या मोठ्या चाचणीत, अपयशी ठरलं. विचारणारा कोण, यावरून प्रश्न खोटा ठरत नाही.

ओळखीच्या चार फंड मॅनेजरना फोनवर "आतली गोष्ट" सांगून धीर देऊ नका. २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांत थेट अडकाल. जे सांगायचं ते आधी एक्स्चेंजला.

बाजारमूल्यानुसार पहिल्या २५० कंपन्यांत असाल तर डिसेंबर २०२४ पासून अफवांबद्दलचा नियम तुम्हालाही लागू आहे. अफवेने भाव मोठा हलला की २४ तासांत खुलासा, होकार किंवा इन्कार. गप्प बसायची सोय नाही.

फॉर्म ४८३, म्हणजे कारखान्याच्या तपासणीत आढळलेल्या त्रुटींची अमेरिकी एफडीएची यादी, आलं असेल तर "किरकोळ निरीक्षणं" म्हणून उडवू नका. एफडीएला १५ कामकाजी दिवसांत लेखी उत्तर द्या, आणि दुरुस्तीची जी तारीख लिहाल ती पाळा.

नव्याने कम्युनिकेशनमध्ये आलेली मुलं माझ्याकडे खुलाशाचा तयार नमुना मागतात. मी देत नाही. त्यांना आधी क्यूसीत नेतो, आणि मूळ स्कॅन कुठल्या फोल्डरमध्ये असतात ते दाखवतो.