आखडलेली मान आणि कानातल्या सुया: माझा अनुभव

परभणीत शिवणकाम करते. दिवाळीच्या हंगामात मशीनवर वाकून मान आखडायची, रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. आधी डॉक्टरांना दाखवलं, एक्स-रे काढला. मणके ठीक होते, स्नायू ताठले होते. ही तपासणी प्रत्येकानं करूनच घ्यावी.

मग नणंदबाईंनी नांदेडला कानाच्या अ‍ॅक्युपंक्चरवाल्या, म्हणजे ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचून उपचार करणाऱ्या ताईंकडे नेलं. १९५०च्या दशकात फ्रान्सच्या पॉल नोजिए या डॉक्टरांनी कानावर शरीराचा नकाशा मांडला, पोटातल्या उलट्या बाळासारखा: पाळीकडे डोकं, वर पाय. ताईंनी स्पिरिटनं कान पुसला नि बोथट सळईनं दाबत गेल्या. मानेच्या बिंदूवर सळई टेकली तशी मी ‘आई गं!’ म्हणून दचकले. तिथं आणि वरच्या त्रिकोणी खळग्यातल्या ‘शेन मेन’ या मन शांत करणारा मानल्या जाणाऱ्या बिंदूवर बारीक सुया टोचल्या. मुंगी चावल्यागत झालं, मग कान गरम झाला आणि तिथंच पेंग आली. निघताना चिकटपट्टीनं बारीक बिया लावून दिल्या, शिवता शिवता दाबायला.

आता मान वळते, झोप लागते. मशीनपुढची बैठकही उंच करून घेतली, तिचाही वाटा असणारच. सुया मात्र नव्या पाकिटातल्याच घ्यायला लावा. कानाच्या कूर्चेत जंतुसंसर्ग झाला तर लवकर बरा होत नाही. गरोदर बायांनी आधी सांगावं.