फळमाश्यांचे केस मोजताना

फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाल्यावर मी जीवशास्त्राच्या तत्त्वज्ञानाकडे वळलो तो भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरमुळे. 1943 साली त्याने डब्लिनमध्ये दिलेली व्याख्यानं 'व्हॉट इज लाइफ?' या छोट्या पुस्तकात आहेत. आनुवंशिकतेचा मजकूर एखाद्या 'अनावर्ती स्फटिका'त, म्हणजे तोच नमुना पुन्हा पुन्हा न येणाऱ्या रचनेत असणार, असं तो म्हणतो. डीएनएची रचना कळायला तेव्हा दहा वर्षं होती. मला एवढं पुरलं. वाटलं, ही जीवशास्त्राची मंडळी नुसती नावं पाठ करतात, आपण जाऊन नियम शोधून देऊ.

गाईडनी वाद घातला नाही. "सहा महिने फळमाश्यांच्या लॅबमध्ये बस," म्हणाले. तिथे माश्यांच्या अंगावरचे राठ केस मोजायचं काम मिळालं. मायक्रोस्कोपखाली बेशुद्ध माशी, हातात बारीक ब्रश, आणि मान मोडेस्तोवर मोजणी. शंभर माश्या झाल्यावर मी सरासरी काढली, आकड्यांतला फरक 'एरर' म्हणून सोडून दिला आणि एकच आकडा नेऊन दिला. शेजारच्या टेबलावरची सीनियर हसली. "अरे, तू फेकलंस तेच तर मोजायचं होतं."

इलेक्ट्रॉन सगळे सारखे; मोजमापं वेगळी आली की आम्ही उपकरणाकडे बघतो. पण माशी-माशीतला फरक खराच असतो, आणि नैसर्गिक निवड चालते ती त्याच्यावर. जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायरचं 'पॉप्युलेशन थिंकिंग', म्हणजे सरासरी नमुन्यापेक्षा जीवा-जीवातला फरक खरा मानणं, मी परीक्षेपुरतं वाचलंही होतं! म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: वाचन चालू द्या, पण एकदा तरी स्वतः डेटा गोळा करा. नंतर श्रोडिंगर पुन्हा वाचला, तेव्हा लक्षात आलं की त्याचा युक्तिवादही आनुवंशिकीतज्ञ टिमोफेएफ-रेसोव्हस्कीने क्ष-किरणांखाली ठेवलेल्या फळमाश्यांवरच उभा आहे.

बाहेरच्याने कसं बोलावं, तर गणितज्ञ जी. एच. हार्डीसारखं. प्रभावी गुण (जोडीतलं एकच जनुक असलं तरी दिसणारा) समाजात पसरतच का जात नाही, हा पेच केंब्रिजचा आनुवंशिकीतज्ञ पनेटने त्याच्यापुढे ठेवला. दोघांची ओळख क्रिकेटची. 1908 मध्ये हार्डीने 'सायन्स'ला पत्र लिहिलं. या विषयातला मी जाणकार नाही, मध्ये बोलायला संकोच वाटतो, अशी सुरुवात. पुढे जवळजवळ शाळकरी बीजगणित: लोकसंख्या मोठी, मिलन यादृच्छिक आणि निवड नसेल, तर जनुकरूपांचं (जनुकांच्या जोड्यांचं) प्रमाण एका पिढीत स्थिरावतं आणि तसंच राहतं. (श्टुटगार्टच्या वाइनबर्ग नावाच्या डॉक्टरने हेच त्याच वर्षी स्वतंत्रपणे मांडलं होतं.) प्रश्न जीवशास्त्रज्ञाचा, बीजगणित हार्डीचं. त्यापलीकडे तो एक शब्द बोलला नाही.

दामोदर धर्मानंद कोसंबींचंही तसंच. पुण्यात गणित शिकवत असताना 1944 मध्ये त्यांनी गुणसूत्रावर जनुकं कुठे आहेत ते दाखवणाऱ्या नकाशावर जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र दिलं. असे नकाशे काढणाऱ्या, जेनेटिक मॅपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कोसंबी' हा पर्याय आजही असतो.

मी अजून लेख पाठवण्याआधी त्या सीनियरला दाखवतो. मागच्या मसुद्यात 'जनुक ठरवतं' असं अकरा ठिकाणी होतं. तिने अकराही ठिकाणी समासात लिहिलं, "कुठल्या वातावरणात?" त्यातली चार वाक्यं उरली.