सह्याद्रीत रडार इमेजवरून लँड कव्हर करताय? आधी उतारांचं बघा

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी लँड कव्हरसाठी, म्हणजे कुठे जंगल, कुठे गवत, कुठे पाणी हे नकाशावर दाखवायला, हरिश्चंद्रगड-माळशेजचा पट्टा घेतला होता. पावसाळ्यात तिथे ढग हटत नाहीत, ऑप्टिकल इमेज हाताला लागत नाही, म्हणून सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह. सी-बँड रडार, साधारण ५.६ सेंमी तरंगलांबी, ढगातून आरपार आणि फुकट. व्हीव्ही-व्हीएच (रडार लहर कुठल्या दिशेने कंप पावत पाठवली आणि घेतली ते), स्पेकल (इमेजमधला दाणेदारपणा) हे तुम्हाला येतं असं धरतो. मला जिथे दोन महिने रडू आलं तेवढंच सांगतो.

स्नॅप या रडार इमेजवर काम करायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'रेंज डॉप्लर टेरेन करेक्शन' नावाची पायरी आहे. नाव वाचून मला वाटलं डोंगराचा प्रश्न मिटला. नाही मिटत! ती पायरी पिक्सेलला नकाशावर योग्य जागी नेऊन ठेवते, बस. त्याची चमक तशीच राहते, आणि डोंगरात सगळा घोळ चमकेचाच असतो. रडार तिरकं बघतं, त्यामुळे जो उतार त्याच्याकडे तोंड करून आहे तिथली जास्त जमीन एकाच पिक्सेलमध्ये कोंबली जाते आणि तो उगाच उजळ दिसतो, पाठमोरा उतार काळवंडतो, आणि उभा कडा असेल तर त्याच्यामागे सावली, तिथून काहीच परत येत नाही. माझ्या इमेज डिसेंडिंग पासच्या, म्हणजे उपग्रह दक्षिणेकडे जाताना उजवीकडे, पश्चिमेला बघतो. आता सह्याद्री डोळ्यासमोर आणा, पश्चिमेला सरळ तुटलेला कडा, म्हणजे रडारच्या तोंडासमोर पूर्वेचे उतार आणि कडा पाठमोरा. माझ्या नकाशात पूर्वेचे गवताळ उतार उजळ म्हणून दाट जंगल झाले आणि कोकणकड्याखाली काळं म्हणून पाणी आलं. मी बेलपाड्याहून नळीच्या वाटेने चढलोय, तिथे तलाव नाही हे मला माहीत होतं, तरी मी रँडम फॉरेस्ट या क्लासिफायरच्या (प्रत्येक पिक्सेल जंगल की पाणी ते ठरवणाऱ्या पद्धतीच्या) अॅक्युरसीवर विश्वास ठेवला. ती चांगली आली कारण त्याला शिकवायचे (ट्रेनिंग) आणि तपासायचे (टेस्ट) पॉइंट मी नकाशावर आखलेल्या एकाच तुकड्यातून, पॉलिगॉनमधून, उचलले होते. टेस्टसाठी वेगळा डोंगर ठेवा, खरंच ठेवा.

करायचं काय, तर कॅलिब्रेशनला, म्हणजे इमेजच्या आकड्यांवरून खरी चमक काढताना, बीटा-नॉट (जमिनीचा उतार न धरता काढलेली चमक) घ्या, मग टेरेन फ्लॅटनिंग, आणि नंतर टेरेन करेक्शन. फ्लॅटनिंग डीईएमवरून (जमिनीच्या उंचीच्या डिजिटल नकाशावरून) किती जमीन उजळली ते काढून चमक त्याने भागतं आणि गॅमा-नॉट, म्हणजे उताराचा परिणाम काढलेली चमक, देतं. पण सावलीत माहितीच नसते, ती कुठलंही गणित आणून देत नाही. लेओव्हर (कड्याचा माथा पायथ्यावर येऊन पडतो ते) आणि शॅडो (सावली) झाकणारा मास्क लावा आणि तिथे सरळ 'डेटा नाही' लिहा, त्यात लाज कसली.

गुगल अर्थ इंजिन या इमेज ऑनलाइन हाताळायच्या सेवेतला सेंटिनेल-१ डेटा सिग्मा-नॉट (डोंगर-उतार न धरता काढलेली चमक) आहे, फ्लॅटनिंग केलेला नाही. त्यातला 'अँगल' बँडसुद्धा उताराचा कोन देत नाही, तो डोंगर-दऱ्या नसलेली गुळगुळीत पृथ्वी (एलिप्सॉइड) धरून काढलेला असतो. सिनियरचा कोड कॉपी करून डोंगरात चालवणं हा माझ्या मते सगळ्यात महाग शॉर्टकट आहे, सपाट प्रदेशावर लिहिलेला असेल तर वाटच लागते. आणि प्रोजेक्टचा गाइड फक्त अॅक्युरसी विचारत असेल तर नकाशा घेऊन एखाद्या गावकऱ्याकडे जा, तो दहा मिनिटांत चूक दाखवतो.

घाबरू नका मात्र. स्नॅप जड जात असेल तर अलास्का सॅटेलाइट फॅसिलिटीच्या हायपी-थ्री या ऑनलाइन सेवेवर फ्लॅटनिंग केलेली इमेज तयार मिळते, खातं फुकट आहे, मला हे उशिरा कळलं. भाताची खाचरंही छान ओळखू येतात, लावणीच्या वेळी पाण्यामुळे काळी, मग पीक वाढेल तशी उजळ, फक्त एका तारखेवर विसंबू नका.

आणि क्लासिफायर चालवायच्या आधी एकच करा: तुम्हाला पक्कं माहीत असलेलं एकसारखं जंगल पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या उतारावर निवडा, दोन्हीचे गॅमा-नॉट आकडे शेजारी ठेवा. फार लांब असतील तर पुढे जाऊ नका, डीईएम आणि पायऱ्यांचा क्रम पुन्हा तपासा.