जुन्या वस्तूत नवी बॅटरी बसवताय? आधी या चुका टाळा

डास मारायची रॅकेट, ट्रिमर, इमर्जन्सी लाइट, कॉर्डलेस फोन, या वस्तू बंद पडतात तेव्हा बहुतेक वेळा आत बाकी सगळं ठणठणीत असतं, फक्त बॅटरी गेलेली असते. तशीच बॅटरी मिळत नाही म्हणून अख्खी वस्तू भंगारात जाते, ते बघून खरंच वाईट वाटतं. दुसरी बॅटरी बसवता येते, पण लोक फक्त व्होल्ट जुळवतात आणि ती चार्ज कशी होणार हे बघतच नाहीत, गडबड तिथूनच सुरू होते.

रॅकेटचंच घ्या. आत ४ व्होल्टची छोटी शिशाची बॅटरी असते आणि मोबाइलच्या जुन्या बॅटरीवर किंवा १८६५० सेलवर (लॅपटॉपच्या पॅकमधला गोल सेल, दोन्ही लिथियमचेच) ३.७ लिहिलेलं असतं, मग वाटतं जवळपास सारखंच आहे की, टाका. रॅकेट चालतेसुद्धा, मस्त कडकडाट होतो. पण चार्जिंगला लावली की काय होतं बघा. लिथियम सेल ४.२ व्होल्टला थांबवावाच लागतो आणि शिशाची ४ व्होल्टची बॅटरी चार्ज होताना साडेचारच्या वर जाते, शिवाय स्वस्त रॅकेटच्या सर्किटमध्ये थांबवणारं काहीच नसतं, एक कपॅसिटर आणि दोन-चार डायोड, बास. रात्रभर प्लगला राहिली तर सेल फुगतो, आग पण लागू शकते. बेडशेजारी चार्जिंगला लावायची सवय असते अनेकांना, म्हणून हे इतकं कळकळीने सांगतोय.

लिथियमच टाकायचा असेल तर सोबत टीपी४०५६ चं मॉड्यूल, म्हणजे लिथियम सेल चार्ज करणारं छोटं तयार सर्किट, टाका, अगदी स्वस्तात मिळतं, मोबाइलच्या चार्जरवर चालतं आणि ४.२ ला स्वतः थांबतं. घेताना प्रोटेक्शनवालं, म्हणजे सेल पार उतरायच्या आत सप्लाय तोडणारं घ्या, ज्यावर बी प्लस बी मायनस आणि आउट प्लस आउट मायनस असे वेगळे पॉइंट असतात. सेल बी ला आणि रॅकेटची वायर आउटला. खूप जण दोन्ही बी लाच जोडतात, मग सेल पार उतरला तरी सप्लाय तुटत नाही आणि सेल कायमचा मरतो. अजून एक, हे मॉड्यूल कंपनीतून १ अँपिअरवर सेट होऊन येतं, ५०० एमएएचच्या बारक्या सेलला ते खूप जास्त आहे, त्यावरचा १.२ के (किलोओहम) चा रेझिस्टर काढून ५ के चा लावला की करंट २५० मिलीअँपिअरवर येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुनी चार्जिंगची पिन आतून तोडून टाका. नाहीतर घरातलं कुणीतरी सवयीने सॉकेटमध्ये खुपसणारच. या सर्किटमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे प्लगला असताना आतल्या प्रत्येक तारेत मेनलाइनचा करंट असू शकतो, उघडी रॅकेट प्लगला लावून मल्टिमीटर लावायला जाऊ नका. बंद केल्यावरही जाळीच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, प्लास्टिक मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने त्याची दोन्ही टोकं जोडून तो आधी शॉर्ट करून घ्या.

इमर्जन्सी लाइटमध्ये मात्र लिथियमच्या नादी लागू नका असं माझं स्पष्ट मत आहे. तो कायम प्लगला असतो आणि शिशाच्या बॅटरीला योग्य चार्जरवर तसं राहणं मानवतं, लिथियमला नाही. ६ व्होल्ट ४.५ एएच ची बॅटरी आजही सहज मिळते, पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा. फक्त दुकानातच मल्टिमीटर लावून बघा, ६ च्या खाली दाखवत असेल तर ती पडून पडून खराब झालेली आहे, घेऊ नका.

ट्रिमरमध्ये बहुतेक १.२ व्होल्टचा निकेलचा सेल असतो, पेन्सिल सेलच्या मापाचा. त्याच मापाचा १४५०० नावाचा लिथियम सेल मिळतो, तो ३.७ चा, म्हणजे तिप्पट! तो टाकला की मोटर पिसाटल्यासारखी पळते आणि जळते. निकेलला निकेलच. आणि सेलवर थेट सोल्डर मारू नका, उष्णतेने आतलं सील जातं, सोल्डरसाठी टोकांना धातूची पत्ती लावलेलाच सेल मागा.

सेल घेताना वरचा आकडा बघून भुलू नका. १८६५० वर ९९०० एमएएच लिहिलंय म्हणजे ते शंभर टक्के खोटं, चांगल्यातला चांगला सेल साधारण ३५०० पर्यंत जातो. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधले सेल वापरणार असाल तर २ व्होल्टच्या खाली गेलेला सेल जिवंत करायच्या भानगडीत पडू नका, आणि नवा-जुना एकत्र तर कधीच जोडू नका.

रेडिओ, घड्याळात सेल पाझरून धातूच्या पट्ट्यांवर पांढरं-हिरवं चढलं असेल तर नवीन सेल घालूनही चालत नाही. अल्कलाइन सेल असेल तर थोडं व्हिनेगर किंवा लिंबू, आणि आपल्याकडचे साधे स्वस्त सेल असतील तर खायच्या सोड्याचं पाणी, कापसाने पुसून पूर्ण वाळवा, मग बारीक पॉलिश पेपर.

काढलेली बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तसं चालतही नाही. लिथियम सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, फुगलेला असेल तर टोचू किंवा दाबू नका, घराबाहेर वाळूच्या डब्यात ठेवा आणि लवकर देऊन टाका.