दहावीच्या निरोपाआधी नववीनं काय काय करायचं

हार, शाल, पाहुण्यांची भाषणं हे सगळं ठरतंच. राहून जातात ती ज्यांना निरोप द्यायचा ती लेकरं. त्यांच्याविषयी ‘हुशार, होतकरू, मनमिळाऊ’ यापुढं कुणी बोलत नाही. म्हणून जानेवारीत सराव परीक्षा लागायच्या आधीच एक दोनशेपानी वही घ्या आणि प्रत्येकाच्या नावानं एक पान सोडा, त्याचे छंद लिहून निरोपाच्या दिवशी वाचून दाखवायला. छंद मात्र त्यालाच विचारू नका, सगळे ‘वाचन’ सांगतात. शेजारच्या बाकावरच्याला, एसटीतल्या मैत्रिणीला, शिपाईमामांना विचारा. मग कळतं की गणितात काठावर पास होणाऱ्याच्या हलगीला जत्रेत शेजारच्या गावाहून बोलावणं येतं, आणि वर्गात तोंड न उघडणारी पोरगी टेनिस बॉलनं असा यॉर्कर टाकते की भावाचे दोस्त बॅट घ्यायला कचरतात. पहाटे डांबरीवर पळणाऱ्यांची नावंही घ्या. पोलीस भरतीचं वेड दहावीपासूनच असतं.

ज्यांचे आईवडील ऊसतोडीला गेलेत त्यांच्या घरी जाऊन आजीशी बोला. दिवाळीच्या आसपास कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, गाव सोडतात, टोळ्या परत येईस्तोवर घर, शेळ्या, धाकटं भावंड याच पोरांच्या गळ्यात. त्यांच्या पानावर ‘छंद : शेळ्या सांभाळणे’ लिहून मोकळे होऊ नका. ते काम झालं. त्यातून उरलेल्या अर्ध्या तासात पोरगं काय करतं, ते शोधा.

फिशपाँडचा डबा आठ दिवस आधी ठेवा, पण चिठ्ठ्या बाईंनी आधी वाचायच्या. रंग, अंग, जात, बापाचा धंदा यावरच्या सरळ फाडा. जोड्या लावणाऱ्या तर आधी. गावात अशी चिठ्ठी शाळेच्या फाटकाशी थांबत नाही, एखादीचं अकरावीला तालुक्याला जाणं त्यापायी अडतं. डबा अर्धा रिकामा झाला तरी चालेल.

माईक चार्ज करून ठेवा, लाइटीचा काय भरवसा. नाश्त्याला मुरमुऱ्यांचा सुशीला करणार असाल तर कांदा-मिरचीची फोडणी आणि डाळ्याचं कूट आधी तयार ठेवा. मुरमुरे मात्र ऐनवेळी भिजवून पिळायचे, नाहीतर लगदा होतो. हॉल तिकिटं त्याच दिवशी वाटायची असतील तर शेवटी वाटा. आधी हातात दिली की सेंटर कुठं आलं, यातच सगळी गुंततात, आणि तुमची वही कुणी ऐकत नाही.