अमेरिकेत सामना पाहायला जाताय? या चुका टाळा

मुलांकडे अमेरिकेत आलेले आपले आईवडील, मामा-मावशी ऑगस्ट उजाडेपर्यंत नायगरा आणि वॉशिंग्टन उरकून बसलेले असतात, आणि मग जेवणाच्या टेबलावर कोणीतरी म्हणते, "एखादी मॅच तरी बघू या." न्यू जर्सीत राहत असल्यामुळे अशा पाहुण्यांची तिकिटे काढण्याचे काम आपसूक माझ्याकडे येते. सामना हुकतो तो बहुतेक वेळा मैदानाच्या दाराशी; पण त्याला कारणीभूत ठरलेली चूक त्याआधी कितीतरी दिवस, घरात बसून केलेली असते.

हंगाम न पाहता खेळ ठरवणे

एनबीएचे सामने ऑक्टोबरशिवाय सुरू होत नाहीत, त्यामुळे ऑगस्टमध्ये बास्केटबॉल पाहायचाच असेल तर महिलांच्या डब्ल्यूएनबीएकडे वळावे, आणि तो खेळ मुळीच दुय्यम नाही. मुंबईत वाढलेल्या सौरभ नेत्रवळकरची गोलंदाजी अमेरिकेतल्या मैदानावर पाहण्याची इच्छा असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की मेजर लीग क्रिकेट जुलैतच आटोपते. एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचे, ऑगस्टमधले सामने सरावाचे असतात आणि त्यांत नावाजलेले खेळाडू बराच वेळ बाकावर बसलेले दिसतात. खरा हंगाम सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या लेबर डेनंतर सुरू होतो.

उरतो बेसबॉल, आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात प्रवाशाला त्याच्यासारखा सोयीचा दुसरा खेळ नाही. ३० संघ, प्रत्येकाचे १६२ सामने आणि त्यांतले निम्मे घरच्या मैदानावर, तेही सप्टेंबर संपत येईपर्यंत जवळजवळ रोज. मात्र संघ एकदा दौऱ्यावर निघाला की पुष्कळदा आठवडाभर परतत नाही. वेळापत्रकात प्रतिस्पर्ध्याच्या नावाआधी ईमेलच्या पत्त्यातले 'अ‍ॅट' चिन्ह दिसले, तर तो सामना दुसऱ्या गावी आहे असे समजावे.

संघाच्या नावावरून गाव ठरवणे

न्यू यॉर्कचे म्हणवणारे जायंट्स आणि जेट्स हे दोन्ही फुटबॉल संघ प्रत्यक्षात न्यू जर्सीत ईस्ट रुदरफर्डला खेळतात. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सचे मैदान सांता क्लारामध्ये, म्हणजे शहरापासून सुमारे ६५ किलोमीटरवर आहे. डॅलस काउबॉइज आर्लिंग्टनला खेळतात. त्यामुळे हॉटेल शहराच्या नावावर नव्हे, मैदानाच्या पत्त्यावर ठरवावे. याउलट शिकागोचे १९१४ सालचे रिग्ली फील्ड किंवा बॉस्टनचे १९१२ सालचे फेनवे पार्क ही बेसबॉलची मैदाने ऐन वस्तीत आहेत. तिथे गाडी नेणे हीच चूक, कारण शिकागो मेट्रोच्या रेड लाइनचे अ‍ॅडिसन आणि बॉस्टन मेट्रोच्या ग्रीन लाइनचे केनमोर ही स्थानके चालत जाण्याइतकी जवळ आहेत.

फोनने दाखवलेली वेळ वहीत उतरवणे

न्यू यॉर्कमध्ये बसून लॉस एंजेलिसचा संध्याकाळी ७:१० चा सामना शोधला, तर फोन पुष्कळदा इथल्या घड्याळाप्रमाणे १०:१० दाखवतो. माझ्या मामांनी तो आकडा आपल्या छोट्या वहीत व्यवस्थित लिहून घेतला आणि तिकडे पोहोचल्यावर, "रात्री दहाला सुरू होणारा सामना संपणार कधी?" असे मला फोनवर विचारले, तेव्हा सुदैवाने तिथे दुपारचे चारच वाजले होते. यजमान मैदानाचे घड्याळ तेच खरे. बेसबॉलमध्ये २०२३ पासून चेंडू टाकण्यासाठी वेळेची मर्यादा आल्यामुळे सामना साधारण अडीच-पावणेतीन तासांत संपतो. पूर्वीसारखे रमतगमत पोहोचून भागत नाही.

तिकिटाचे छायाचित्र घेऊन जाणे

सर्वांत जास्त मनस्ताप इथे होतो. मावशी आणि काकांसाठी मी माझ्या खात्यातून तिकिटे काढली, फोनच्या पडद्याचे छायाचित्र (स्क्रीनशॉट) व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले आणि निर्धास्तपणे ऑफिसात जाऊन बसलो. दारावरच्या मुलीने ते चित्र पाहून नम्रपणे मान हलवली. खऱ्या तिकिटावरच्या बारकोडवर एक प्रकाशाची रेघ सतत इकडून तिकडे सरकत असते आणि कोड थोड्या थोड्या वेळाने बदलत राहतो. त्यांच्या फोनवरची रेघ जागच्या जागी थिजलेली होती. मी तिकिटे त्यांच्या नावावर वर्ग करू लागलो, तर खाते उघडण्यासाठीचा ओटीपी काकांच्या पुण्याच्या नंबरवर गेला आणि त्या सिमकार्डावर रोमिंगच नव्हते. बेसबॉलच्या नऊ डावांपैकी तिसरा संपता संपता ते आत गेले.

तेव्हापासून मी प्रत्येक पाहुण्याचे खाते त्याच्या ईमेलवर घरीच उघडून देतो, तिकीट आदल्या दिवशी त्याच्या नावावर पाठवतो आणि वायफाय असतानाच फोनमधल्या वॉलेटमध्ये टाकून घेतो. भारतातून तिकीट काढणाऱ्यांनी आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत ना, हेही आधी पाहावे. अमेरिकेतल्या १२ मे २०२५ पासूनच्या नियमानुसार विक्रेत्याला सक्तीचे शुल्क धरून पूर्ण किंमत सुरुवातीलाच दाखवावी लागते; पूर्वी हा फुगवटा शेवटच्या पानावर दिसत असे.

पिशवी, ऊन आणि पाऊस

एनएफएलच्या मैदानात १२ बाय ६ बाय १२ इंचांपर्यंतची पारदर्शक पिशवी चालते, फार तर तळहाताएवढी छोटी पर्स. बेसबॉलच्या प्रत्येक मैदानाचा नियम वेगळा असून पाठीवरची सॅक अनेक ठिकाणी परत पाठवली जाते. विमानतळावर जाता जाता बॅगांसह सामना उरकण्याचा बेत तर करूच नये. पाकीटबंद चिवडा आणि पाण्याची सीलबंद बाटली मात्र अनेक बेसबॉल मैदानांवर चालते, आणि आतल्या किमती पाहिल्यावर त्या चिवड्याची चव आणखी वाढते.

बेसबॉलच्या दुपारच्या सामन्याला तिसऱ्या बेसच्या बाजूची, म्हणजे फलंदाजाच्या मागून पाहता डावीकडची, जागा घ्यावी. बहुतेक मैदानांची आखणी अशी असते, की दुपार कलल्यावर सूर्य त्या बाजूच्या पाठीशी जातो आणि सावली तिथे आधी येते.

पावसामुळे सामना पुढे ढकलला गेला, तर बहुधा पैसे परत मिळत नाहीत. तेच तिकीट नव्या तारखेला चालते, आणि तोवर आपण मायदेशी परतलेलो असतो. म्हणून सामना मुक्कामाच्या शेवटच्या संध्याकाळी न ठेवता पहिल्या दोन दिवसांत ठेवावा, किंवा मिलवॉकी, ह्यूस्टन, सिअ‍ॅटल यांसारख्या सरकत्या छताच्या मैदानांचा विचार करावा.

यूएस ओपनला फक्त मोठ्या कोर्टाचाच हट्ट धरणे

ऑगस्टअखेर न्यू यॉर्कमध्ये असणाऱ्यांना आर्थर अ‍ॅश स्टेडियमच पाहायचे असते. पण तेवीस हजारांहून अधिक प्रेक्षकांच्या त्या वाडग्यात वरच्या रांगेतून चेंडू मोहरीएवढा दिसतो. पहिल्या आठवड्यात आवाराचा साधा पास घेतला, तर बाहेरच्या कोर्टांवर खेळाडूच्या बुटांची करकर ऐकू येईल इतक्या जवळ बसता येते. दुसऱ्या आठवड्यात तिथले एकेरीचे सामने आटत जातात. अ‍ॅशचेच तिकीट घेतले असेल, तर दिवसाचे आणि रात्रीचे सत्र वेगवेगळे असते आणि दुपारच्या तिकिटावर रात्री बसता येत नाही. सबवेच्या सात नंबरच्या गाडीने मेट्स–विलेट्स पॉइंटला उतरावे. एका बाजूला टेनिस आणि दुसऱ्या बाजूला मेट्सचे बेसबॉल मैदान असल्यामुळे गर्दीच्या मागोमाग न जाता पाटी वाचूनच वळावे.